दफ्तराबाहेरचा बेडूक

उत्तरेकडून पैनगंगा, पूर्वेकडून वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेकडून गोदावरी अशा नद्यांनी, पश्चिमेची एक बाजू सोडली तर, चोहोंकडून वेढलेला जो डोंगराळ, सागवानाचा आणि काळ्या मातीचा मुलूख निजामाच्या राज्यात १९०५ साली आदिलाबाद जिल्हा म्हणून उभा राहिला, त्याला बेट म्हणणे भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत बसणारे नसले, तरी ज्याने मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या मुलखातील एखाद्या खेड्यात रात्र काढली असेल, त्याला हा शब्द अतिशयोक्तीचा वाटणार नाही. नाले भरून वाटा बंद झालेल्या, दिवे विझलेले, आणि दोन घटकांपूर्वी जे शिवार भेगाळलेले व मुके होते त्याच्या प्रत्येक खाचेतून, प्रत्येक डबक्यातून, बांधाच्या प्रत्येक पोटातून असा घोष उठतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो. हा घोष बेडकांचा. लहानपणापासून तो मी ऐकत आलो आणि त्याच्या आधाराने झोपत आलो. परंतु त्या घोषालाही काही इतिहास असेल, आणि तो लिहिण्याजोगा असेल, हे मनात येण्यास अर्धे आयुष्य जावे लागले.

या जिल्ह्याचा इतिहास म्हणून जे वाचावयास मिळते त्यात सागवान आहे, गोंडांची राज्ये आहेत, निर्मळची रंगीत खेळणी आहेत, कापूस आहे आणि वाघ आहे. बेडूक कोठेही नाही. पण लेखी दफ्तर आणि लोकाचार या दोन वेगवेगळ्या बखरी आहेत, आणि पहिलीने ज्याची दखल घेतली नाही त्याची नोंद दुसरीने पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली असते, असे माझे नम्र मत आहे. बेडकाच्या बाबतीत तर ही दुसरी बखरच आपला मुख्य पुरावा आहे.

हा पुरावा पुष्कळ जुना आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांच्या नावावर असलेले मंडूकसूक्त प्रसिद्ध आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणे मौन धरून बसलेले मंडूक पर्जन्याचा स्पर्श होताच वाचा फोडतात आणि गुरूच्या मागे शिष्याने पाठ म्हणावा तसे एकमेकांच्या मागे बोलतात, असे त्यात वर्णिले आहे. हे वर्णन कोणी उपहासाचे मानोत, कोणी श्रद्धेचे. मला त्यात प्रथम दिसते ते निरीक्षण. पुढे पंचांगकर्त्यांनी पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एकेक वाहन दिले, कोल्हा, उंदीर, मोर, म्हैस, गाढव, हत्ती, मेंढा, घोडा, आणि त्यांतच बेडूक. आणि ज्या साली एखाद्या नक्षत्राचे वाहन बेडूक निघे, त्या साली त्या पंधरवड्यात पाणी चांगले पडणार म्हणून शेतकऱ्याचा चेहरा उजळे. मराठ्यांच्या दफ्तरांत वापरात असलेला शुहूर सन सूर्याच्या मृगप्रवेशाबरोबर बदले, म्हणून त्याला मृगसाल असेच नाव पडले होते. म्हणजे ज्या रात्री शिवारात बेडूक बोलू लागत, त्याच सुमारास सरकारी कागदावर नवे साल चढे. हैदराबादच्या राज्यात जे फसली वर्ष चाले ते मात्र आजूर महिन्यात, पाऊस उलगडून गेल्यावर, सुरू होई. तेथे सालाचा आरंभ आणि बेडकाचा आरंभ यांची फारकत झालेली होती.

आमचे गाव पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचे. अर्ध्या गावाची घरातील भाषा मराठी, अर्ध्याची तेलुगू, आणि बाजारात दोहोंची सरमिसळ. मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशीच जाण्याची लक्षणे दिसू लागली, म्हणजे एखाद्या सकाळी पोरांचा मेळा विहिरीकडे धावे. एक बेडूक धरून आणीत, फडक्यात कडुनिंबाच्या डहाळ्यांसह त्याला गुंडाळीत, ते फडके मुसळाच्या मधोमध बांधीत आणि मुसळाची दोन टोके दोघांच्या खांद्यावर देऊन घरोघर फिरत. कमरेला कडुनिंबाचा पाला गुंडाळलेला एक उघडा पोर पुढे असे. मराठी घरांच्या अंगणात हा मेळा गेला की त्याचे नाव धोंडी. पुढच्या तेलुगू घराच्या अंगणात तोच मेळा, तेच मुसळ आणि तोच बेडूक कप्पतल्ली होई. तेलुगूत कप्पा म्हणजे बेडूक आणि तल्ली म्हणजे आई. वीस पावलांच्या अंतरात धोंडीची आई व्हावी आणि कोणालाही त्यात विसंगती वाटू नये, ही या सीमेवरच्या मुलखाची रीत आहे.

घरची बाई तांब्याभर पाणी घेऊन बाहेर येई, आणि दुष्काळाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या दिवसांत तांब्याभर पाणी ही किती मोलाची वस्तू होती, हे ज्याने दीड कोसावरून डोक्यावर घागर आणली असेल त्यालाच समजेल. ती ते पाणी मुसळावर, पाल्यावर, पाल्याआडच्या त्या जीवावर ओते आणि सुपातून पसाभर ज्वारी घाली. माझी आजी पाणी ओतण्याआधी फडक्याची गाठ बोटाने चाचपून पाही. गाठ घट्ट असली तर ती पोरांवर रागावे, स्वतःच्या हाताने सैल करी, आणि मग म्हणे, "पाव्हणा आहे रे तो. फेरी झाली की जिथून आणला तिथंच नेऊन सोडा, दुसऱ्या विहिरीत टाकू नका." जमलेल्या दाण्यांचा भात-घुगऱ्या मारुतीच्या पारावर होई, आणि पोरे खरोखरच बेडूक परत नेऊन सोडीत की नाही हे पाहण्यासाठी ती एखाद्या मोठ्या मुलाला त्यांच्यामागे धाडी. सगळीकडे अशी आजी नसे, आणि पुष्कळ ठिकाणी तो जीव गुदमरून जाई, हेही येथे नमूद केले पाहिजे. ती क्रूरता आचाराच्या नावाखाली झाकू नये. आज काही गावांत बेडकाच्या जागी दगड बांधतात, ते योग्यच होय.

बेडूक पाऊस आणतो, असे या आचाराचे गृहीत असल्यास ते चूक आहे. पाऊस बेडकाला आणतो. पण कार्यकारणाचा क्रम उलटा लावला म्हणून त्यामागचे पाहणे खोटे ठरत नाही. आदिलाबादच्या पानगळीच्या रानात उन्हाळा असा कडक पडतो की चैत्र-वैशाखात सागाच्या झाडाखाली सावलीही उरत नाही. पातळ, ओलसर, श्वासालाही उपयोगी पडणारी कातडी घेऊन जन्मास आलेल्या प्राण्याने या आगीत आठ महिने काढावयाचे कसे? कोणी तळ्याच्या तळच्या चिखलात उतरतो आणि चिखल वाळून दगड झाला तरी आत निजून राहतो. कोणी मागच्या पायांनी माती उकरीत उलटा खाली जातो. कोणी वारुळाच्या गारव्यात बिऱ्हाड करतो. आणि सडपातळ बांध्याचा, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला झाडबेडूक घराच्या न्हाणीत रांजणामागच्या ओलीत येऊन बसतो. मी त्याला आमच्या न्हाणीच्या भिंतीवर वैशाखातील एक संबंध महिना पाहिला आहे. दिवसा पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून, चुन्याच्या भिंतीला लागलेल्या वाळक्या पानासारखा तो निश्चल असे.

मग पहिला पाऊस पडतो आणि दोन-तीन रात्रींत सारे उरकावयाचे असते. मोठा हिरवट बेडूक, ज्याला इंग्रजी ग्रंथांत बुलफ्रॉग म्हटले आहे, त्याचा नर या दिवसांत लिंबासारखा पिवळाधमक होतो, आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे उभे राहतात. डबक्यात असे वीस-पंचवीस नर कंदिलाच्या उजेडात दिसले, म्हणजे झेंडूची फुले पाण्यावर टाकून कोणी ती हलवीत आहे, असा भास होतो. झाडबेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेस घुसळून त्यात अंडी घालते. त्यांतून निघालेली पिले खालच्या पाण्यात टपकतात. या सर्वांची पिले काही आठवड्यांत, डबके आटण्यापूर्वी, पाय फुटून बाहेर पडली पाहिजेत. डबके पंधरा दिवस आधी आटले की त्या वर्षाची सगळी पिढी चिखलात सुकते. यावरून दिसेल की बेडकाचा सौदा पावसाशी जितका आहे तितकाच तो साचलेल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या, कोणत्याही नकाशावर नसलेल्या पाण्याशी आहे. ज्यांनी बेडकाला धान्य कांडण्याच्या मुसळावर बसविले, त्यांना पाणी, बेडूक आणि दाणा हे एकाच दोरीचे तीन पेड आहेत, एवढे तरी ठाऊक होते.

आता दफ्तराकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या जंगल खात्याने या मुलखात राखीव रानाच्या हद्दी आखण्याचे काम नेटाने चालविले. ज्या डोंगरात गोंड आणि कोलाम फिरती शेती करीत, महुआ वेचीत आणि आषाढात अखाडीची पूजा करून मगच गुरे रानात सोडीत, त्या डोंगरात दगडी खुणा उभ्या राहिल्या. गावेच्या गावे हद्दीच्या आत सापडून बेकायदा ठरली. चराईचा आकार, लाकडाचा परवाना, चौकीदाराची वर्दी आणि अमिनाचा पंचनामा हे रोजच्या जीवनाचे भाग झाले. या जाचातून गोंडांचे नेते कोमरम भीम बंडास उभे राहिले, आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात ते आणि त्यांचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जल, जंगल आणि जमीन या ज्या तीन शब्दांशी त्यांचे नाव आज जोडले जाते, त्यांतला पहिला शब्द जल आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर या बंडाची कारणे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने ज्या क्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली, त्यांनी मार्लावाई या गोंडांच्या खेड्यात मुक्काम ठोकला. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांसाठी शिक्षणकेंद्र निघाले. १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी १९८७ पासून त्याच खेड्यात आहे. हायमेनडॉर्फ यांच्या आग्रहामुळे हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. ही माणसांच्या न्यायाची कहाणी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. परंतु जंगल खात्याच्या बाजूने पाहिले, तर हैदराबादच्या १३५५ फसलीच्या जंगल कायद्याचा जीव सागवानात, बांबूत, चराईत आणि दंडात होता. उभे झाड मोजता येई, पडलेले झाड मोजता येई, चोरीचे लाकूड तर आणखी काटेकोरपणे मोजले जाई. ज्या ओहळाकाठच्या कुजलेल्या पानांत, ज्या पोकळ बुंध्याच्या ओलीत बेडूक उन्हाळा काढी, त्याला रकानाच नव्हता. लाकूडतोड झाली की जमाखर्चाच्या एका बाजूला उत्पन्न चढे. दुसऱ्या बाजूला काय उतरले, हे लिहिण्यास जागा ठेवलेली नसे.

बेडकाचे नाव सरकारी कागदावर ठळकपणे चढले ते पुढे स्वतंत्र भारतात, आणि तेही वजनाच्या रूपाने. त्याच्या मागच्या पायांना युरोप-अमेरिकेतील भोजनगृहांत मागणी होती, आणि शेतांतून पोत्यांनी धरलेले बेडूक किनाऱ्यावरील कारखान्यांत जाऊन, गोठविलेल्या तंगड्यांच्या रूपाने दरसाल जहाजांवर चढत. निर्यातीचे परकीय चलन हाती येत होते. पण शेतातील किडे खाणारा हा फुकटचा राखणदार कमी झाला की तेवढीच औषधे विकत आणावी लागतात, हा हिशेब हळूहळू पुढे आला, आणि १९८७ च्या एप्रिलपासून ही निर्यात बंद झाली. एका मुक्या प्राण्याच्या बाजूने सरकारने घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याबद्दल त्या वेळच्या कर्त्यांचे ऋण मानले पाहिजे.

येथे प्रश्न येईल की आदिलाबादचा हा पिवळा बेडूक काय किंवा न्हाणीतला झाडबेडूक काय, जगाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून गणला जात नाही; मग त्याच्याविषयी एवढी कळकळ का? याचे उत्तर खऱ्याखुऱ्या बेटावर सापडते. सिंहलद्वीपाच्या डोंगरांत ज्यांची पिले पाण्यात न पोहता अंड्यातूनच पूर्ण बेडूक होऊन निघतात, अशा झुडपी बेडकांच्या डझनावारी जाती होत्या. एकोणिसाव्या शतकात तेथील डोंगररान कॉफीसाठी आणि मग चहासाठी साफ झाले. पुढे अभ्यासकांनी जुन्या संग्रहालयांतील काचेच्या बरण्या उघडून पाहिल्या, तेव्हा कित्येक जाती अशा निघाल्या की त्या बरणीतच तेवढ्या उरल्या होत्या. १८५३ साली वर्णन झालेला, अंगावर चांदण्यांसारखे ठिपके असलेला एक बेडूक दीडशेहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नाही, आणि २००९ साली श्रीपाद पर्वताच्या रानात तो पुन्हा जिवंत आढळला, तेव्हा अभ्यासकांना झालेला आनंद हा हरवलेले मूल सापडल्याचा आनंद होता. त्याच्या कित्येक भावंडांच्या वाट्याला तो दिवस आला नाही.

अशी बेटे समुद्रातच असतात असे नाही. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर, पिवळ्या पट्ट्यांचा एक छोटा भेक राहतो. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते २००९ साली, आणि त्या नावात पिवळेपणा व वाघ हे दोन्ही गुंफलेले आहेत. जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या वीतभर पाण्यात त्याचा संसार होतो, आणि थोड्याशा चौरस किलोमीटरांच्या त्या परिसराबाहेर पृथ्वीवर दुसरे घर त्याला नाही. लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाळ्यात धबधबा पाहण्यास येणाऱ्या मोटारींच्या चाकांखाली त्याच्या पिढीतील कितीतरी जीव जातात, आणि ज्यांच्या मोटारी असतात त्यांना चाकाखाली काय गेले हे कळतही नाही. आपण संकुचित वृत्तीच्या माणसाला कूपमंडूक म्हणून हिणवीत आलो. परंतु ज्या प्राण्याचे सारे जग एका विहिरीएवढे आहे, त्याची विहीर बुजविणाऱ्यानेच त्याला हिणवावे, हा न्याय नव्हे. एक सडा खणला की एक जात संपते. ज्याचे जग लहान, त्याचे मरणही लहानशा निमित्ताने येते.

आदिलाबादचे रान आता अशाच लहान लहान बेटांत वाटले जात आहे, ही माझी चिंता आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके भाषेच्या न्यायाने तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. या रेषा कागदावरच्या आहेत आणि बेडकाला त्यांचे सुखदुःख नाही. या मुलखातील कवालचे रान १९६५ पासून अभयारण्य आणि २०१२ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, ही समाधानाची गोष्ट होय. नदीपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ पैनगंगा ओलांडून अलीकडे येतो, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याच्या पावलांचीही बातमी होते. पण दोन रानांच्या मधल्या शिवारात आज बांधापर्यंत कापूस आहे, आणि कापसावर फवारणी आहे. २०१७ साली नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात याच फवारणीने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या विषाने जाड कातडीचा, धडधाकट माणूस जमिनीवर कोसळला, ते विष ज्याची कातडीच पाणी पिते त्या प्राण्याला काय करीत असेल, याचा विचार करण्यास फार विद्वत्ता लागत नाही. जगातील उभयचरांच्या दर शंभर जातींपैकी सुमारे ४१ जाती आज धोक्यात आहेत, असा २०२३ चा निष्कर्ष आहे. पाठीचा कणा असणाऱ्या प्राण्यांच्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या वर्गाची स्थिती इतकी वाईट नाही.

गेल्या पावसाळ्यात मी गावी होतो. मृगाचा पाऊस वेळेवर आला, आणि रात्री मी अंगणात बाज टाकून कान देऊन बसलो. आवाज आला, पण तो तळ्याच्या बाजूने आला. ज्या बाजूला पूर्वी नाला वाकून जाई आणि त्याच्या कडेला एक पडीक खाचर होते, ती बाजू मुकी होती. तेथे आता सपाट रान झाले आहे. कोणत्याही कागदात ते खाचर पाणथळ म्हणून लागले नव्हते, म्हणून ते बुजले तेव्हा काही नाहीसे झाले असे कोणालाही वाटले नाही. माझ्या आजीला मात्र वाटले असते, कारण धोंडीचा बेडूक पोरे बहुधा तेथूनच आणीत, आणि तिच्या हुकुमाप्रमाणे तेथेच नेऊन सोडीत.

या जिल्ह्यात मराठी शाळा अजून आहेत, तेलुगू शाळा आहेत, गोंडी बोलणारी मुले आहेत. या मुलांच्या हाती एक साधी वही द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. तिला चार रकाने पुरेत: तारीख, पाऊस, कोणता आवाज, आणि कोणत्या पाण्यातून. मृगापासून हस्तापर्यंत मुलांनी ती भरावी. जेथे आवाज येत नाही तेथे तसेही लिहावे. जंगल खात्याने सागवानासाठी जो रकाना ठेवला तो शंभर वर्षे टिकला. बेडकासाठी ठेवलेला रकाना तितकाच टिकेल, आणि पुढे कधी कोणी एखादे डबके बुजविण्यास आला, तर त्या डबक्यात कोण राहत होते याची लेखी नोंद गावाच्या हाती असेल. आमच्या गावच्या शाळेला द्यावयाची पहिली वही मी आणून ठेवली आहे. तिच्या पहिल्या ओळीत, नाल्याच्या वाकणावरचे खाचर, एवढे स्थळ मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे आणि आवाजाच्या रकान्यात शून्य मांडले आहे.